'डॉकर रन'मागची चौतीस वर्षं

हा भाग तुमच्यापैकी बरेच जण लोकलमध्ये, बसमध्ये नाहीतर हॉस्टेलच्या खोलीत पडल्या पडल्या ऐकत असणार. समोर लॅपटॉप नसेल तरी हरकत नाही. आज मी फक्त एक कमांड घेऊन आलोय आणि ती तोंडी सांगता येते.

डॉकर रन, डॅश आय टी, अल्पाइन, एस एच.

झालं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि असल्या कमांड दिवसभर मारत असतो. ही एंटर केली की पहिल्यांदा पाच-सहा ओळी सरकतात, इमेज डाउनलोड होते आणि काही सेकंदांत तुमच्यासमोर एक नवीन प्रॉम्प्ट येतो. तिथे 'एल एस' मारा. तुमच्या फायली दिसत नाहीत, वेगळंच झाड दिसतं. 'होस्टनेम' मारा. तुमच्या लॅपटॉपचं नाव येत नाही, बारा अक्षरांचा काहीतरी आकडेवजा गिचमिडा येतो. 'पी एस' मारा. क्रोम नाही, व्हॉट्सॲप नाही, चालू असलेली गाणी नाहीत. फक्त दोन प्रोसेस दिसतात: आत्ता उघडलेला शेल आणि खुद्द 'पी एस'. आणि त्या शेलचा नंबर काय? एक. म्हणजे त्याला वाटतंय, या मशीनवर सगळ्यात आधी जन्मलो तो मीच.

आजच्या भागाचा विषय हाच आहे. या तीन छोट्या कमांडना जी तीन उत्तरं मिळाली, ती एका दिवसात आलेली नाहीत. १९७९ ते २०१३ अशी चौतीस वर्षं लागली. प्रत्येक उत्तरावर एका वेगळ्या सालाचा शिक्का आहे. आणि एवढी सगळी साधनं तयार असताना जग बदललं ते शेवटच्या वर्षी, तेही नव्या तंत्रामुळे कमी आणि नव्या क्रियापदांमुळे जास्त. कसं, ते बघू.

एक साल, दोन कमांड

सुरुवात १९७९पासून. अमेरिकेत बेल लॅब्समधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. त्या आवृत्तीत पुष्कळ काही होतं, पण आपल्याला दोनच गोष्टी हव्यात.

पहिली म्हणजे 'सी एच रूट'. युनिक्समध्ये सगळ्या फायली एका झाडासारख्या असतात आणि त्या झाडाचं मूळ म्हणजे तिरकी रेघ, स्लॅश. 'सी एच रूट' एखाद्या प्रोग्रामला सांगतो, तुझ्यापुरतं मूळ इथे नाही, या अमुक फोल्डरमध्ये आहे. त्या प्रोग्रामच्या दृष्टीने ते फोल्डर म्हणजेच सगळं जग. त्याच्या बाहेर काही आहे, हे त्याला कळतच नाही.

दुसरी म्हणजे 'टार'. अनेक फायली एका लांब पट्टीत बांधून टेपवर ठेवायची सोय. नावच मुळी टेप आर्काइव्हवरून आलंय.

आता गंमत बघा. आज आपण ज्याला कंटेनर इमेज म्हणतो, ती उघडून पाहिली तर आत काय निघतं? टार फायलींची चळत आणि बरोबर थोडीशी जेसॉनमधली माहिती. ती चळत डिस्कवर पसरायची आणि तिलाच मूळ मानून प्रोग्राम चालू करायचा. तुमच्या 'एल एस'ला वेगळं झाड दिसलं ते यामुळे. आजचे कंटेनर हुबेहूब 'सी एच रूट' वापरत नाहीत, मूळ बदलायची त्याहून पक्की पद्धत वापरतात, पण कल्पना तीच. म्हणजे कंटेनरचे दोन आजोबा एकाच वर्षी, एकाच घरात जन्मले आणि त्यांची ओळख व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली.

१९८२च्या मार्चमध्ये बिल जॉय यांनी 'सी एच रूट' बर्कलीच्या युनिक्समध्ये आणलं. कशासाठी? सुरक्षेसाठी नाही. पुढची आवृत्ती नीट इन्स्टॉल होते का, स्वच्छ जागेत बिल्ड होते का, हे तपासायला. चालू सिस्टिमला हात न लावता कोरी पाटी हवी होती. आपण आज 'डॉकर बिल्ड' मारतो ते वेगळं काय करतो?

तुरुंग हा शब्द कुठून आला

१९९१मध्ये बेल लॅब्समधल्या बिल चेसविक यांना आपल्या गेटवे मशीनवर एक घुसखोर सापडला. त्याला हाकलण्याऐवजी त्यांनी त्याच्याशी खेळायचं ठरवलं. 'सी एच रूट' वापरून खोटी सिस्टिम उभी केली, त्याला आत घेतलं आणि तो काय काय टाइप करतो ते बघत बसले. त्यांनी या जागेला जेल म्हटलं. तुरुंग.

पण तुरुंगाच्या भिंती कच्च्या होत्या. आतल्या माणसाकडे रूटचे अधिकार असतील तर 'सी एच रूट'मधून बाहेर यायच्या वाटा होत्या. शिवाय फायली वेगळ्या झाल्या तरी प्रोसेस आणि नेटवर्क सगळ्यांचं एकच. एका खोलीत चटया वेगळ्या अंथरल्या म्हणून खोल्या वेगळ्या होत नाहीत.

भिंती पक्क्या करण्याची निकड आली धंद्यातून. नव्वदच्या दशकात वेब होस्टिंग वाढलं. एका मशीनवर अनेक गिऱ्हाइकं ठेवली तरच परवडणार, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आपल्यापुरता पूर्ण ताबा हवा. अशाच एका होस्टिंगवाल्याच्या गरजेतून पॉल-हेनिंग काम्प यांनी फ्रीबीएसडीसाठी 'जेल' लिहिलं आणि ते मार्च २०००मध्ये फ्रीबीएसडी ४.०बरोबर आलं. आता आतल्या रूटला फक्त आतलेच अधिकार. प्रोसेस आतल्याच दिसणार, आयपी ॲड्रेस ठरवून दिलेला. पुढे २००५मध्ये सनच्या सोलारिस १०मध्ये 'झोन' आले. म्हणजे डॉकर नावाचं काही अस्तित्वात येण्याआधी बरीच वर्षं लोक कंटेनर चालवत होते.

'पी एस'मध्ये दोनच ओळी का

लिनक्सने वेगळा रस्ता घेतला. एकच मोठा तुरुंग बांधण्याऐवजी भिंती सुट्या सुट्या केल्या. हवी तेवढीच भिंत घ्या. या भिंतींना म्हणतात नेमस्पेस.

पहिली भिंत २००२मध्ये आली, माउंट नेमस्पेस, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडली आहे याचं ज्याचं त्याचं वेगळं चित्र. तिच्यासाठी कर्नलमध्ये जो झेंडा ठरवला त्याचं नाव 'क्लोन न्यू एन एस'. एन एस म्हणजे नुसतं नेमस्पेस. कोणती नेमस्पेस, ते नावात नाहीच, कारण दुसऱ्या नेमस्पेस येतील अशी तेव्हा कुणाची अपेक्षा नव्हती. नंतर एकामागून एक येत गेल्या. नाव मात्र तसंच राहिलं. थोरल्या मुलाला लाडाने 'बाळ' म्हणावं आणि पाठची भावंडं झाल्यावरही तेच नाव चिकटून राहावं, तसं.

२००६मध्ये होस्टनेमची भिंत आली. म्हणून तुमच्या कंटेनरला बारा अक्षरी स्वतःचं नाव. जानेवारी २००८मध्ये, कर्नल २.६.२४मध्ये, प्रोसेस नंबरांची भिंत आली. म्हणून आतला शेल म्हणतो मी एक नंबर. पण बाहेर, तुमच्या लिनक्स मशीनच्या दुसऱ्या खिडकीत, 'पी एस' मारून बघा. तोच शेल तिथेही दिसतो, फक्त नंबर काहीतरी चौदा हजार तीनशे असा असतो. शाळेच्या हजेरीपटावर पहिला आणि रेशन कार्डावर चौथा, पण मुलगा एकच.

हे नीट लक्षात ठेवा, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. कंटेनर म्हणजे छोटा कॉम्प्युटर नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये वेगळा कर्नल बूट होतो. कंटेनरमध्ये वेगळा कर्नल नसतोच. ती तुमच्याच मशीनवरची साधी प्रोसेस असते, फक्त तिच्या डोळ्यांना झापडं लावलेली. म्हणून तर ती सेकंदाच्या आत सुरू होते. विंडोज किंवा मॅकवर डॉकर चालवता तेव्हा मागे गुपचूप एक लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालू असतं, कारण झापडं लावणारा लिनक्स कर्नल कुठूनतरी आणावाच लागतो.

वाटा किती, हे कुणी ठरवायचं

भिंती झाल्या. पण एका भाडेकरूने टाकीतलं सगळं पाणी संपवलं तर? वेगळ्या खोल्या असून उपयोग नाही, नळाला मीटर हवा.

ते काम २००६मध्ये गूगलच्या इंजिनिअरांनी सुरू केलं. त्यांनी नाव ठेवलं होतं 'प्रोसेस कंटेनर्स'. कर्नलच्या जगात कंटेनर या शब्दाचे आधीच भलतेसलते अर्थ झाले होते, म्हणून २००७मध्ये नाव बदलून 'कंट्रोल ग्रुप्स' केलं, आपण त्याला सीग्रुप म्हणतो. हेही २.६.२४मध्येच दाखल झालं. मेमरीवर लगाम घालणारा भाग त्याच्या पाठोपाठ आला, आणि त्या फायलीच्या माथ्यावर लेखक म्हणून आयबीएममधल्या बलबीर सिंग यांचं नाव आजही आहे. लिनक्सचा सोर्स कोड उघडा, तुम्हीही वाचू शकता.

रोजच्या कामात हा सीग्रुप कुठे भेटतो? 'डॉकर रन'ला 'डॅश डॅश मेमरी २५६ एम' जोडलं की कंटेनरला २५६ एमबीच्या वर मेमरी मिळत नाही. 'डॉकर स्टॅट्स' मारलं की कोण किती खातंय ते दिसतं. आणि एखाद्या सकाळी कंटेनर मेलेला सापडला, एक्झिट कोड १३७ असला, तर घाबरू नका, आकडा फोडा. १२८ अधिक ९. नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे 'किल'. बहुतेक वेळा मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलने मारलं असतं. 'डॉकर इन्स्पेक्ट' मध्ये 'ओओएम किल्ड'पुढे ट्रू लिहिलंय का बघा, खात्री होईल.

तुम्ही फोनवर ऐकताय म्हणून सांगतो. अँड्रॉइडमध्येही लिनक्स कर्नलच आहे. तिथे प्रत्येक ॲपला स्वतःचा वेगळा लिनक्स युजर आयडी मिळतो आणि मागे गेलेल्या ॲपला कमी वाटा द्यायला सीग्रुप वापरले जातात. म्हणजे या गोष्टीतली अर्धी पात्रं आत्ता तुमच्या हातात आहेत.

पाच मिनिटांचं भाषण

२००८मध्ये या भिंती आणि मीटर एकत्र बांधणारं 'एल एक्स सी' आलं. गूगल तर आत सगळंच कंटेनरमध्ये चालवत होतं. २०१४मध्ये त्यांच्या ज्यो बेडा यांनी जाहीर सांगितलं की आम्ही दर आठवड्याला दोन अब्जांहून जास्त कंटेनर सुरू करतो. म्हणजे तंत्र होतं, सिद्ध झालेलं होतं. मग माझ्या-तुमच्यासारख्यांपर्यंत का पोचलं नव्हतं?

कारण ते वापरायला सिस्टिम ॲडमिनच्या अंगचे कष्ट लागत. नेटवर्कचा पूल स्वतः बांधा, कॉन्फिग फायली लिहा, आतली फाइल सिस्टिम स्वतः जमवा. आणि एवढं करून ते दुसऱ्याच्या मशीनवर जसंच्या तसं न्यायचं कसं, याला सरळ उत्तर नव्हतं.

डॉटक्लाउड नावाची एक छोटी कंपनी लोकांची ॲप्स आपल्या सर्व्हरवर चालवून द्यायची. त्यासाठी ते आत एल एक्स सी वापरत. त्या धंद्यात स्पर्धा मोठी होती. पण आपल्या सोयीसाठी त्यांनी जे हत्यार घडवलं होतं, ते त्यांनी नव्याने, गो भाषेत लिहून खुलं करायचं ठरवलं. १५ मार्च २०१३ रोजी अमेरिकेत सँटा क्लारा इथे पायकॉन भरलं होतं. तिथे सॉलोमन हाइक्स यांना पाच मिनिटं मिळाली. त्यांनी टर्मिनल उघडलं, 'डॉकर रन' म्हणून एका बिझीबॉक्स कंटेनरमधून 'हॅलो वर्ल्ड' छापून दाखवलं. बस. त्याच महिन्यात कोड सगळ्यांसाठी खुला झाला आणि वर्षाच्या आत कंपनीने स्वतःचंच नाव बदलून डॉकर ठेवलं.

आता मुद्द्याची गोष्ट. डॉकरने कर्नलमध्ये नवी भिंत बांधली नाही. त्याने क्रियापदं दिली, आणि तीसुद्धा उसनी. बघा कशी. 'पी एस', 'किल', 'आर एम', 'सी पी', 'टॉप' हे सगळं युनिक्समधलं. 'पुल', 'पुश', 'कमिट', 'टॅग', 'डिफ' हे गिटमधलं. गिट २००५मधलं, म्हणजे २०१३पर्यंत डेव्हलपरांच्या बोटांत चांगलं मुरलेलं. त्यामुळे नवीन माणूस डॉकर शिकायला बसला की त्याला अर्धी भाषा आधीच येत होती. आपल्याकडे म्हणतात ना, ओळखीचा माणूस निघाला की ऑफिसातलं काम लवकर होतं. तसंच.

नावांतही थोडी मजा ठेवली. तुम्ही कंटेनरला नाव दिलं नाही तर डॉकर स्वतःच देतो, एक विशेषण आणि एका शास्त्रज्ञाचं किंवा संगणकतज्ज्ञाचं आडनाव. त्या यादीत आर्यभट आहेत, ब्रह्मगुप्त आहेत, रामन आहेत आणि आपल्या मुंबईचे होमी भाभाही आहेत. एक जोडी मात्र मुद्दाम बंद केली आहे, 'बोअरिंग वॉझ्नियाक'. कोडमध्येच लिहून ठेवलंय, स्टीव्ह वॉझ्नियाक कंटाळवाणे नाहीत.

पारदर्शक कागद

माझ्या टीममध्ये कुणी नवीन आलं की आठवड्याभरात एक प्रश्न हमखास येतो. "अरे, काल कंटेनरमध्ये डेटाबेस भरला होता, आज रिकामा आहे. गेला कुठे?"

उत्तर त्या टार फायलींच्या चळतीत आहे. इमेजचे थर एकावर एक पारदर्शक कागदांसारखे असतात आणि ते सगळे फक्त वाचायचे. कंटेनर सुरू झाला की सगळ्यात वर एक कोरा कागद येतो. तुम्ही जे काही लिहिता, खोडता, ते त्या वरच्या कागदावर. 'डॉकर डिफ' मारलं की त्या कागदावर काय काय झालं ते दिसतं. 'डॉकर स्टॉप'ने कंटेनर थांबतो, कागद शाबूत राहतो. थांबलेला कंटेनर 'डॉकर पी एस'मध्ये दिसत नाही, 'डॉकर पी एस डॅश ए' म्हटलं की दिसतो, आणि 'डॉकर स्टार्ट'ने परत उठतो. पण 'डॉकर आर एम' मारलं की वरचा कागद फाटला. डेटा टिकवायचा असेल तर तो कागदावर ठेवायचा नाही, बाहेर कपाटात ठेवायचा. त्या कपाटाला व्हॉल्यूम म्हणतात, आणि 'डॉकर व्हॉल्यूम' ही वेगळी कमांड २०१५मध्ये आली.

आणि इमेज बनवायची कशी, यालाही इतिहास आहे. अगदी सुरुवातीला कंटेनरमध्ये शिरायचं, हाताने इन्स्टॉल करायचं आणि 'डॉकर कमिट'ने फोटो काढून ठेवायचा, अशी रीत होती. पदार्थ तयार, पण कृती कुणाला ठाऊक नाही. म्हणून २०१३मध्येच डॉकरफाइल आली, म्हणजे लिहून ठेवलेली कृती. तिच्यातली जी ओळ फायलींना हात लावते, ती एक नवा थर बनवते. एखादी ओळ बदलली की तिच्यासकट खालच्या सगळ्या ओळी पुन्हा चालतात, वरच्या तयार असतात त्या वापरल्या जातात. म्हणून क्वचित बदलणारं आधी लिहायचं, रोज बदलणारं शेवटी. लायब्ररींची यादी आधी कॉपी करा, त्या इन्स्टॉल करा, आणि मग आपला कोड कॉपी करा. एवढ्या एका उलटापालटीने दहा मिनिटांचं बिल्ड अर्ध्या मिनिटावर आलेलं मी पाहिलंय.

डॉकर म्हणजे कोण

आता त्या नावाकडे येऊ. डॉकर म्हणजे गोदी कामगार. बंदरात जहाजावरचा माल उतरवणारा आणि चढवणारा माणूस. चिन्हावर देवमासा आहे आणि त्याच्या पाठीवर कंटेनर रचलेत.

खरा, लोखंडी कंटेनर २६ एप्रिल १९५६ रोजी निघाला. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याचं 'आयडियल एक्स' जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या घेऊन गेलं. तेव्हा सुटा माल हाताने चढवायला टनाला ५ डॉलर ८६ सेंट खर्च येई, या जहाजावर तो १६ सेंटच्या आत आला. पण पेटी जगभर गेली ती स्वस्त होती एवढ्यामुळे नाही. पेटीच्या कोपऱ्यातल्या पकडीचं पेटंट मॅक्लीनने सगळ्यांना मोफत वापरू दिलं, आकार ठरले आणि कुठल्याही देशातली क्रेन कुठल्याही कंपनीची पेटी उचलू लागली.

याची दुसरी बाजू मुंबईइतकी कुणाला माहीत असणार? १९४८च्या कायद्याने गोदी कामगारांच्या रोजगाराला संरक्षण मिळालं, त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. मग १९८९मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवाला नवं बंदर सुरू झालं आणि पेट्यांचा ओघ तिकडे वळला. जुन्या गोदीत पाठीवर पोती वाहणाऱ्या हातांची गरज कमी कमी होत गेली. ज्या माणसाचं नाव या सॉफ्टवेअरने घेतलं, त्याचंच काम पेटीने संपवलं. मला हे नाव दर वेळी थोडं टोचतं.

धंदा विकला तरी कमांड राहिली

डॉकर कंपनीच्या बाबतीतही अशीच काहीशी कहाणी झाली. जून २०१४मध्ये डॉकर १.० आलं आणि त्याच महिन्यात गूगलने कुबरनेटिस जाहीर केलं. इमेजचा आणि चालवण्याचा साचा एकाच कंपनीच्या हातात राहू नये म्हणून जून २०१५मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह सुरू झालं. डॉकरने आपला कंटेनर चालवणारा गाभा, 'रन सी', त्यांच्या हवाली केला. मॅक्लीनच्या पकडीसारखंच. साचा सगळ्यांचा झाला, आणि त्यावर पैसा मात्र इतरांनी जास्त कमावला. नोव्हेंबर २०१९मध्ये डॉकरचा मोठ्या कंपन्यांसाठीचा सगळा धंदा मिरँटिसला विकला गेला. मे २०२२मध्ये कुबरनेटिस १.२४मधून डॉकरशी थेट जोडणारा दुवा काढून टाकला.

आपल्याला याचा चटका बसला तो असा. नोव्हेंबर २०२०पासून डॉकर हबने फुकट डाउनलोडवर मर्यादा आणली. लॉग इन न करता सहा तासांत १०० पुल, तेही आयपी ॲड्रेसमागे. आता समजा एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये साठ मुलं बसली आहेत आणि सगळ्यांचा बाहेरचा आयपी एकच आहे. प्रत्येकाने दोन इमेज ओढायच्या म्हटल्या तरी शेवटच्या बाकांवरच्या मुलांना नुसता एरर दिसणार. ज्यांच्या घरी चांगलं इंटरनेट आहे त्यांना हे कळणारही नाही. २०२१मध्ये डॉकर डेस्कटॉपही मोठ्या कंपन्यांसाठी पैसे देऊन घ्यायची वस्तू झाली.

यावर उतारा काय? तोच खुला साचा. रेड हॅटचं पॉडमन घ्या. जानेवारी २०१९मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. 'पॉडमन रन', 'पॉडमन पी एस', 'पॉडमन पुल', बहुतेक सगळं तेच. पुष्कळ लोक टर्मिनलमध्ये टोपणनावाची एक ओळ टाकून ठेवतात, डॉकर म्हटलं की पॉडमन चालव, आणि बोटांना फरक कळत नाही. लॅबसाठी तर आणखी सोपं आहे. एका मशीनवर इमेज ओढा, 'डॉकर सेव्ह' करा, एक टार फाइल मिळेल, ती पेनड्राइव्हवर घ्या आणि बाकीच्या मशीनवर 'डॉकर लोड' करा. १९७९ची पट्टी २०२०च्या मर्यादेला उत्तर देते.

मग आपण काय शिकायचं

जाता जाता एक धोक्याची पाटी. झापडं म्हणजे तटबंदी नव्हे. कर्नल सगळ्यांचा एकच असतो. फेब्रुवारी २०१९मध्ये 'रन सी'मध्येच असं भोक सापडलं होतं की आतला दुष्ट प्रोग्राम बाहेरच्या मशीनवर रूट होऊ शकत होता. 'डॅश डॅश प्रिव्हिलेज्ड' असलेली कमांड इंटरनेटवरून उचलून डोळे मिटून चालवू नका. आणि कुणाला नेहमीच्या डॉकरच्या 'डॉकर' ग्रुपमध्ये घालताय म्हणजे त्याच्या हातात मशीनचा रूटच देताय, हे समजून द्या.

कमांडची यादी काय, कुठेही मिळते. आता तर मशीनला विचारलं की तीच लिहून देते. इंटरव्ह्यूसाठी वीस कमांड पाठ करणारी हुशार मुलं मी बघतो आणि मला काळजी वाटते, कारण नुसती पाठ केलेली कमांड म्हणजे पाठीवरचं पोतं. क्रेन आली की त्याची किंमत उतरते. पण कंटेनर का मेला, डेटा कुठे गेला, आत नंबर एक असलेली प्रोसेस बाहेर चौदा हजार कशी, हे ज्याला सांगता येतं, त्याला डॉकर जाऊन पॉडमन आलं काय किंवा उद्या तिसरंच काही आलं काय, फरक पडत नाही. खालचा कर्नल तोच आहे, भिंती त्याच आहेत, टार तर सत्तेचाळीशीच्या आसपासचं आहे आणि अजून धडधाकट आहे.

तेव्हा आज रात्री लॅपटॉप उघडलात तर एवढंच करा. अल्पाइनचा कंटेनर सुरू करा, आत एक फाइल बनवा. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर दुसऱ्या खिडकीत त्याच शेलचा बाहेरचा नंबर शोधा. 'डॉकर डिफ'ने तुमची फाइल कागदावर दिसते का बघा. मग 'एक्झिट', मग 'डॉकर पी एस डॅश ए', मग 'डॉकर आर एम'. दहा मिनिटांचं काम आहे. नंबर सापडला की कळवा, सापडला नाही तर नक्कीच कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या.